सिविकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल: मोजून काढलं, मोजून भरलं

गाडी २०१०ची होंडा सिविक, १.८ पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. मीटरवर ९२ हजार किलोमीटर. तक्रार किरकोळ होती. सकाळी पहिल्यांदा 'डी'मध्ये टाकलं की गाडी जरा उशिरा पकडायची आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना हलका हिसका बसायचा. जुनी बिलं चाळली तर इंजिन ऑइल दर वेळी बदललेलं, गिअरबॉक्सचं तेल मात्र एकदाही नाही. हे काम घरच्या पार्किंगमध्ये होतं, अवघडही नाही. पण त्यात एका गोष्टीला तोड नाही, ती म्हणजे मोजमाप. या गिअरबॉक्सचं निम्मं नुकसान जुन्या तेलाने होतं आणि उरलेलं चुकीच्या पातळीने.

आधी आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची, ते ठरवा. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला 'ऑटोमॅटिक' म्हणतात. मारुतीची एजीएस ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. तिचा क्लच आणि गिअर यंत्र हलवतं, आणि तिला साधं गिअर ऑइल लागतं. २०१४ला आलेल्या सिटीत सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारी, तिचं तेल निराळं. डबल क्लचवाल्यांचं आणखी निराळं. इथे लिहिलंय ते टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्सबद्दल. २००६ ते २०१३ या काळात आपल्याकडे विकल्या गेलेल्या सिविकमध्ये तो आहे. त्याच्या तळाशी इतर कंपन्यांसारखा पत्र्याचा पॅन नाही आणि आतली जाळी गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघत नाही. म्हणजे पॅन-गॅसकेटची भानगड नाही. खालून काढायचं, वरून भरायचं, एवढंच.

पातळी बघताना बहुतेक जण चुकतात. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये इंजिन चालू ठेवून, लिव्हर 'पी'मध्ये ठेवून डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी काठी, बघतात. होंडाची पद्धत वेगळी आहे. इंजिन पुरतं गरम करायचं, बंद करायचं आणि बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक बघायची. इंजिन चालू असताना पंप तेल ओढून वाटांमध्ये आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये फिरवत असतो, म्हणून तळातली पातळी खाली दिसते. बंद केलं की ते तेल हळूहळू खाली उतरतं. उशीर केला तर पातळी वर दिसते, घाई केली तर खाली. सिविकच्या डिपस्टिकवरच्या खुणा या दीड मिनिटाच्या खिडकीसाठीच आखलेल्या आहेत. एखाद्याने इंजिन चालू ठेवून बघितलं, 'कमी आहे' म्हणत अर्धा लिटर घातलं, की तिथून पुढच्या सगळ्या दुखण्यांना सुरुवात होते.

गरम झालं हे कसं ओळखायचं? एसी बंद ठेवा. एसी चालू असेल तर रेडिएटरचा पंखा तसाही फिरतो, त्यावरून काही कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणा, मग सपाट जागी उभी करून पंखा एकदा सुरू होऊन थांबेपर्यंत आणि दुसऱ्यांदा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. सपाट म्हणजे खरंच सपाट. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बाटलीभर पाणी जमिनीवर ओतून पाहिलं की लगेच कळतो.

इंजिन बंद केल्याबरोबर फोनवर वेळ लावला. गिअरबॉक्सची डिपस्टिक पिवळ्या कडीची, इंजिन ऑइलची केशरी. साठ सेकंद झाल्यावर पिवळी ओढली, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली, पूर्ण आत घातली, पुन्हा काढली आणि दोन्ही बाजू बघितल्या. एका बाजूला तेल वरपर्यंत चढलेलं दिसतं, कारण काठी बाहेर येताना भिंतीवरचं तेल पुसून आणते. खरी पातळी नेहमी जी बाजू कमी दाखवते ती. इथे तेल वरच्या खुणेपासून जरासं खाली होतं, म्हणजे पातळी बरोबर. हे वाचन लिहून ठेवा. पुढचं सगळं मोजमाप याच्यावर टेकलेलं आहे.

त्याच वेळी तेलही वाचून घ्यायचं. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब सोडला. नवं तेल लाल आणि आरपार दिसणारं असतं. हे दाट चहासारखं तपकिरी होतं, कडेला थोडी लालसर झाक. वास जुन्या तेलाचा, पण करपलेला नव्हता. तपकिरी रंगाने घाबरायचं कारण नाही, तो वयाचा रंग आहे. काळं, करपट वासाचं आणि बोटात चोळल्यावर कणकण लागणारं तेल म्हणजे क्लच प्लेटांचं अस्तर जळून तेलात आलेलं असतं. तेल गुलाबी लस्सीसारखं दुधट दिसलं तर गाडी तिथेच उभी ठेवा. रेडिएटरच्या आतल्या कूलरमधून कूलंट तेलात शिरलंय. अशा गाडीत आधी रेडिएटर, मग तेल. क्लच प्लेटांचं अस्तर चिकटवलेलं असतं आणि कूलंट ते सोडवतं, म्हणून 'उद्या बघू' इथे चालत नाही.

आता तेल. या गिअरबॉक्ससाठी होंडाचं मूळ तेल झेड-१ होतं, त्याच्या जागी नंतर डीडब्ल्यू-१ आलं. जुन्या झेड-१वाल्या गाडीत डीडब्ल्यू-१ चालतं. दुकानदार 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' म्हणत डेक्सरॉन-३ पुढे करेल, ते घेऊ नका. गिअर सरकताना क्लच किती घसरायचा आणि किती पकडायचा हे तेलातल्या रसायनांवर ठरतं आणि होंडाच्या क्लचचं गणित त्याच्याच तेलावर बेतलेलं आहे. चुकीच्या तेलाने गिअरबॉक्स लगेच बंद पडत नाही. आधी ४०-६० च्या वेगात गाडी थरथरायला लागते, जणू रस्त्यावर बारीक पट्टे आहेत, आणि मग त्या थरथरीचं खरं कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

एका वेळेला २.४ लिटर लागतं. तीन वेळा बदलायचं ठरलं होतं, म्हणून साडेसात लिटर आणलं. हे तीन वेळा का, ते पुढे येतंच.

हत्यारं थोडीच लागतात: ३/८ इंची रॅचेट आणि छोटं एक्स्टेन्शन, १७ मि.मी.चा बॉक्स पाना, लांब नळी लावलेलं नरसाळं, मि.लि.च्या खुणा असलेलं पाच लिटरचं भांडं, ड्रेन बोल्टचा नवा १८ मि.मी.चा अॅल्युमिनियम वॉशर आणि टॉर्क पाना. खाली जायला जॅक आणि दोन जॅक स्टँड. गाडी विटांवर टेकवू नका. वीट वजन सोसते असं वाटतं आणि मग ती न सांगता फुटते. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण, हँडब्रेक ओढलेला, आणि स्टँडवर टेकल्यावर गाडी एकदा हाताने हलवून बघायची, खाली शिरायचं ते त्यानंतर. जवळ ओळखीचं वॉशिंग सेंटर असेल आणि दुपारी त्याचा रॅम्प मोकळा असेल तर त्याहून चांगलं. गाडी चारही चाकांवर सपाट राहते आणि तेलही पूर्ण निघतं.

खालचा बोल्ट सोडण्याआधी वरचा सोडायचा. हा क्रम कधीही उलटा करू नका. तेल भरायचा बोल्ट गिअरबॉक्सच्या माथ्यावर, एअर फिल्टरच्या डब्याखालच्या बाजूला असतो. डोक्यावर 'एटीएफ', म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, असं उठवलेलं असतं आणि त्याला १७चा पाना लागतो. कित्येक वर्षं न हललेला हा बोल्ट कधी कधी हटून बसतो. खालून तेल काढून टाकलं आणि मग वरचा निघेना, तर गाडी तेलाशिवाय, जागची हलवता न येणारी अशी पार्किंगमध्ये अडकते. इथे एअर फिल्टरचा डबा बाजूला करावा लागला. पान्याला सरळ, सावकाश जोर दिल्यावर बोल्ट 'टक्' करून सुटला. त्याच्या आजूबाजूची धूळ आधी ब्रशने झाडून, ओल्या कापडाने पुसून काढली होती, कारण भोक उघडल्यावर तिथली वाळू सरळ क्लचकडे जाते.

आता खाली. सिविकखाली दोन बोल्ट दिसतात आणि त्यांची गल्लत ही फार महाग चूक आहे. इंजिन ऑइलच्या बोल्टला बाहेरून पाना लागतो, डोकं षटकोनी. गिअरबॉक्सच्या बोल्टच्या डोक्यात चौकोनी खाच असते आणि ३/८ रॅचेटचं टोक त्यात थेट बसतं, सॉकेट लावायची गरजच नाही. गिअरबॉक्स गाडीच्या डाव्या अंगाला आहे, म्हणून बोल्ट डाव्या चाकाकडून शोधा. इंजिन ऑइल बदलायला बसलेला कारागीर घाईत हाच बोल्ट सोडतो, लाल तेल सोडून देतो आणि वरून इंजिनमध्ये आणखी चार लिटर भरतो. गिअरबॉक्स रिकामा, इंजिन दुप्पट भरलेलं. म्हणून ऑइल बदलताना खाली पडणाऱ्या धारेचा रंग बघायला उभं राहावं.

तेल कोमट असताना काढायचं. नुकतंच चालवून आणलेलं तेल ऐंशी-नव्वद अंशांवर असतं, हात भाजतो. इंजिन बंद करून अर्धा तास थांबलं की तेल पातळ राहतं आणि हाताला सोसवतं. रॅचेटचं टोक खाचेत पूर्ण आत बसलंय का ते बोटाने चाचपा. अर्धवट बसलं तर खाच गोल होते. इम्पॅक्ट गनला इथे थारा नाही, कारण गिअरबॉक्सचं कवच अॅल्युमिनियमचं आहे आणि आटे गेले तर काम घराबाहेरच्या खर्चाचं होतं.

धार जोरात येते, मग बारीक होते, मग थेंब. थेंबांना पंधरा मिनिटं दिली. तेवढ्यात बोल्ट हातात घेऊन बघितला. त्याच्या टोकाला लोहचुंबक आहे आणि त्यावर करड्या रंगाचा लेप होता, टूथपेस्टसारखा मऊ, दोन-तीन मि.मी. जाड. बोटांत चोळला तर रवाळ लागला नाही, शाईसारखा पसरला. ही नेहमीची झीज आहे. त्यात चकाकणारे कण, सुईसारखे तुकडे किंवा नखाएवढी कपची मिळाली असती, तर नवं तेल भरून काही उपयोग नव्हता. गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडे जायची वेळ आली असती. चुंबक पुसून लख्ख केलं.

जुना वॉशर बोल्टला चिकटून राहतो, कधी गिअरबॉक्सलाच चिकटतो. नखाने तपासून काढा, नाहीतर एकावर एक दोन वॉशर बसतात आणि गळती कुठून येते ते सापडत नाही. नवा वॉशर लावून बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवला आणि मग ४९ न्यूटन मीटरला घट्ट केला. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: पाव मीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण वीस किलोचा जोर. याहून जास्त ताकद दाखवू नका. अॅल्युमिनियमचा वॉशर दबून जागा भरतो, त्याला एवढा दाब पुरतो.

मग मोजणी. भांड्यात २ लिटर ४५० मि.लि. दिसलं. तेवढंच भरायचं का? नाही. ते तेल अजून गरम होतं. तेल गरम झालं की फुगतं आणि पन्नास अंशांच्या फरकाला त्याचा आकार साधारण चार टक्क्यांनी बदलतो. अडीच लिटरमागे हे शंभर मि.लि. होतात. तासाभराने तेल गार झाल्यावर पुन्हा वाचलं तर २ लिटर ३६० निघालं. बाटलीतलं नवं तेल खोलीच्या तापमानाचं असतं, म्हणून तुलनाही गार तेलाशीच करायची. सुरुवातीला डिपस्टिक बरोबर दाखवत होती, म्हणून २ लिटर ३६० भरलं. सुरुवातीलाच पातळी कमी असती, तर मोजून भरल्यावर डिपस्टिकवर बघत थोडं थोडं वाढवावं लागलं असतं. पुस्तकातला २.४ चा आकडा आणि आपलं मोजलेलं तेल यांत शंभरच्या आत फरक असेल तर काम बरोबर चाललंय असं समजा. पाचशेचा फरक दिसला तर एकतर तेल पूर्ण निघालेलं नाही किंवा आधीच कोणीतरी चुकीचं भरलं होतं.

नरसाळं नवंच वापरा. कूलंट, ब्रेक ऑइल किंवा पाणी लागलेलं नको. नळी पारदर्शक असली की तेल अडकलंय की उतरतंय ते दिसतं. घाईने ओतलं की हवा आत अडकते आणि तेल उलटून नरसाळ्याबाहेर येतं. सव्वादोन लिटर उतरायला दहा-बारा मिनिटं लागली. वरचा बोल्ट त्याच्या वॉशरसह लावला, गाडी खाली घेतली, इंजिन सुरू केलं. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर 'पी'पासून खालपर्यंत आणि परत, प्रत्येक जागी पाच सेकंद. मग दहा मिनिटं गाडी चालवली, पंखा दोनदा फिरू दिला, बंद केली, साठ सेकंद मोजले, डिपस्टिक पाहिली. सुरुवातीच्या वाचनाला केसाएवढा फरक होता.

आता तीनदा का? खाली उघडल्यावर सगळं तेल येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात, कूलरमध्ये आणि क्लचच्या वाटांमध्ये बरंच राहतं. एकूण तेल साधारण सहा लिटर धरलं आणि दर वेळी २.४ बदललं, तर पहिल्या बदलानंतर साठ टक्के जुनंच तेल आत असतं. दुसऱ्यानंतर छत्तीस टक्के, तिसऱ्यानंतर बावीसच्या आसपास. चौथ्या वेळी फायदा कमी आणि खर्च तोच, म्हणून तीनला थांबायचं. प्रत्येक बदलामध्ये शंभर-दोनशे किलोमीटर चालवून, सगळे गिअर वापरून घ्यायचे, म्हणजे नवं-जुनं नीट मिसळतं. हा फरक डोळ्यांनी दिसतो. पहिल्या वेळचं तेल चहा, दुसऱ्या वेळचं कोकमाच्या आगळासारखं, तिसऱ्या वेळचं माणिकासारखं लाल. दोन वेळच्या बदलानंतर सकाळचा उशीर गेला आणि तिसऱ्यानंतर तिसऱ्या गिअरचा हिसका जवळजवळ नाहीसा झाला. पुढे दर ४० हजार किलोमीटरला एकदाच काढून भरलं की तेवढं पुरे. शहरात सिग्नलगणिक थांबत-चालत गाडी जात असेल तर हा आकडा वाढवू नका. तेल उष्णतेने म्हातारं होतं, अंतराने नाही.

मशीन लावून एका दमात सगळं तेल पालटून देतो म्हणणारे खूप भेटतात. ९० हजारांपर्यंत एकदाही तेल न बदललेल्या गिअरबॉक्सवर आम्ही ते करत नाही. जोराच्या दाबाने कोपऱ्यात निजलेला गाळ उठतो आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांमध्ये अडकायची भीती असते. 'तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' ही कथाही सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा तो गिअरबॉक्स आधीच घसरत असतो. अस्तर झिजलेलं असतं आणि जुन्या घाणेरड्या तेलातले कण त्याला जेमतेम पकड देत असतात. घसरणाऱ्या गिअरबॉक्सला नवं तेल हे औषध नव्हे.

पातळी चुकली तर काय होतं, तेही कारणासकट. कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो, दाब पडतो, क्लच पूर्ण दाबले जात नाहीत. चढावर किंवा वळणावर गाडीची रेस वाढते पण वेग वाढत नाही. जास्त असेल तर फिरणारे गिअर तेल घुसळून फेस करतात. फेसात हवाच असते, म्हणून लक्षणं जवळपास तीच, वर तेल गिअरबॉक्सच्या हवा सुटायच्या नळीतून बाहेर ओघळतं. दोन्ही वेळा मेकॅनिक 'गिअरबॉक्स खराब' म्हणतो, आणि गरज असते ती फक्त अर्धा लिटर काढण्याची किंवा घालण्याची.

ज्या गाड्यांना डिपस्टिकच नाही, तिथे घरी काम करणं अवघड होतं, पण तत्त्व तेच. ह्युंदाईच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-४ तेल लागतं. तिथे पातळी तपासायला आधी वरून ७०० मि.लि. जास्तीचं तेल घालतात, ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत तेल ५० ते ६० अंशांच्या मध्ये आणतात, 'पी' ते 'डी' आणि परत असं दोनदा, प्रत्येक जागी दोन सेकंद थांबत लिव्हर फिरवतात. मग इंजिन चालू असतानाच खालचा पातळीचा प्लग उघडतात. बारीक, अखंड धार आली की बरोबर. जाड धार असेल तर जास्त आहे, ती बारीक होईपर्यंत वाहू द्यायची. काहीच आलं नाही तर कमी. गाडी हवेत, चारही कोपरे सपाट आणि इंजिन चालू, म्हणून हे फक्त रॅम्पवर. जॅक स्टँडवर चालू इंजिनाखाली कोणी झोपू नये.

जुनं तेल नव्या तेलाच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरलं, वर 'वापरलेलं, गिअरबॉक्स' असं लिहिलं आणि सर्व्हिस सेंटरच्या टाकीत नेऊन दिलं. हा कायद्याने घातक कचरा आहे. गटारात गेला की पावसात नाल्यात आणि तिथून नदीत. भंगारवाल्याला द्यायचं असेल तर तो अधिकृत पुनर्प्रक्रियेला देतो का, हे विचारून घ्या.

रात्री गाडीखाली पुठ्ठ्याचा पांढरा तुकडा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर ड्रेन बोल्टच्या रेषेत लाल ठिपका नव्हता. मागच्या बाजूला एक पाण्याचा डाग होता, तो एसीच्या नळीचा.